दप्तर नव्हे, सॅचेल

आमच्या एका मित्राने चामड्याचं दप्तर शिवायला घेतलंय. दप्तर म्हटलेलं त्याला खपत नाही, ‘सॅचेल’ म्हणायचं. आधी कागदी साचा, मग पुठ्ठ्याचा, मग पट्टा किती बोटं रुंद ठेवावा यावर महिनाभर चिंतन. टाका मात्र अस्सल: मेण लावलेला एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही समोरासमोर जाणार. एखादा टाका तुटला तरी शिवण धरून राहते, हे त्याने मला तीनदा ऐकवलं. चौथ्यांदाही ऐकवेल.

अडलं ते दुमडीपाशी. चामडं तिथे तासून पातळ करावं लागतं. स्वारी गुपचूप नाक्यावरच्या चांभारकाकांकडे. त्यांनी रापी फिरवली, दोन मिनिटांत काम फत्ते. वीस रुपये मागितले. याने दहावर आणले.

२०२५ साली प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल कोल्हापूरचं नावही न घेता मिरवली, तेव्हा कारागिरांच्या श्रेयासाठी याचं स्टेटस आठवडाभर पेटलेलं होतं. सॅचेलची किंमत त्याने नऊ हजार ठेवली आहे. आतल्या बाजूला छोटा शिक्का: ‘संपूर्णपणे माझ्या हातांनी’.