उद्देश, साहित्य, कृती

भंडाऱ्याला ताईकडे गेलो की मी आधी छताकडे पाहतो. बैठकीतला पंखा बंद दिसला की समजायचं, भाऊजी घरात आहेत आणि नवीन रॉड आला आहे. बाहेर मे महिन्याचं पंचेचाळीस अंशांचं ऊन, कूलरचं पाणी संपलेलं आणि खोलीच्या मधोमध बनियनवर उभे भाऊजी. हातात सात फुटांची काळी, सडपातळ काडी. मनगटानं ते ती एकदाच झटकतात आणि जुने डॉक्टर थर्मामीटरकडे पाहायचे तसे टोकाकडे पाहत राहतात. घाम नाकावरून ओघळत असतो.

"ये, बस. टोक पाहिलंस? थांबलं की नाही?"

"थांबलं."

"लगेच?"

"लगेच."

"याला म्हणतात कार्बन!"

पंखा बंद ठेवण्यामागे इतिहास आहे. आतापर्यंत भाऊजींचे दोन रॉड मोडले. एक पंख्यात, एक गाडीच्या दारात. "माशानं मोडला असा एकही नाही," हे ते अभिमानानं सांगतात. त्याचं कारण आपण विचारायचं नसतं.

भाऊजी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. तीस वर्षं पोट्ट्यांच्या प्रयोगवह्या तपासल्या. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. माणूस निवृत्त झाला, पण वही सुटली नाही. मासेमारीचीही एक वही आहे, निळ्या कव्हराची. उद्देश एका ओळीत आहे, 'मासा पकडणे.' पुढची चाळीसेक पानं साहित्याची. कृतीचं पान मी एकदा हळूच उघडून पाहिलं. त्यावर फक्त समास आखलेला होता.

तसं पाहिलं तर गरी टाकणं वैनगंगेकाठच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. कारधाच्या पुलाखाली बांबूची काडी, दोरा, गळ आणि डब्यात गांडुळं घेऊन भाऊजीही लहानपणी बसले आहेत, आणि तेव्हा त्यांना मासे मिळायचे, असं त्यांच्या आई सांगायच्या. बिघडलं ते टेक्सासात. मुलाकडे सहा महिने राहायला गेले असताना शेजाऱ्यानं त्यांना लेक फोर्कवर नेलं. बास नावाच्या माशासाठी अमेरिकेत नाव असलेला तलाव. शेजाऱ्याच्या नावेवर नऊ रॉड ओळीनं मांडलेले होते. माणूस एक, रॉड नऊ! भाऊजींनी विचारलं, एवढे कशाला? शेजाऱ्यानं दिवसभर सांगितलं. त्या दिवशी मासा कोणालाच मिळाला नाही, पण भाऊजी परतले ते दीक्षा घेऊनच.

आपल्या तलावांत बास नाही. हे भाऊजींना माहीत आहे आणि त्याचा काही परिणाम नाही.

मीही आता निम्मा तज्ज्ञ झालो आहे, कारण पोह्यांबरोबर दुसरं काही मिळत नाही. रॉडची 'पॉवर' म्हणजे वाकवायला किती जोर लागतो ते. 'ॲक्शन' म्हणजे वाकतो कुठून ते. फास्ट रॉड नुसता टोकाशी वाकतो, मॉडरेट अर्ध्यापर्यंत. डुबकी मारणाऱ्या क्रँकबेटला तीन तोंडांचे बारीक गळ असतात. कडक रॉडनं हिसका दिला तर ते माशाच्या जबड्यातून निसटतात, म्हणून त्याला काचतंतूचा नरम, मॉडरेट रॉड. तळाशी घसटत आणायच्या जिगला सात फुटी, मीडियम हेवी, फास्ट. तळाचा खडा लागला तरी तळहाताला कळलं पाहिजे. झटके देत आणायच्या जर्कबेटला आखूड, सहा फूट आठ इंची, नाहीतर खाली झटका देताना टोक पाण्यावर आपटतं. झुडपांच्या भोकात अलगद आमिष सोडायला साडेसात फुटी हेवी. आणि शेवाळावरून रबरी बेडूक ओढायला सात फूट तीन इंची हेवी, कारण मासा जाळ्यासकट, पानांसकट उपसावा लागतो.

"भाऊजी, यातला एक घेऊन सगळं होत नाही का?"

"त्याचं काय आहे ना," भाऊजी चष्मा काढतात. चष्मा काढला की किमान वीस मिनिटं. "पोळी भाजायला तवा, दूध तापवायला पातेलं. तुझी ताई तव्यावर दूध तापवते का?"

स्वयंपाकघरातून ताई, "तवा दीडशेचा आहे म्हणावं."

किमतीचा विषय निघाला की भाऊजींचा आवाज मऊ होतो. चांगल्या जपानी किंवा अमेरिकन रॉडच्या पैशात जुनी स्कूटर येते. पण ताईला सांगताना एक शून्य नेहमी कुरिअरमध्येच राहून जातं. अठरा हजारांचा रॉड अठराशेला येतो. ताई बँकेचं पासबुक स्वतः भरून आणते, त्यामुळे तिला सगळं ठाऊक आहे. भाऊजींना हे ठाऊक आहे हेही तिला ठाऊक आहे. असा तो संसार आहे. ती रॉडांना 'माझ्या पाच सवती' म्हणते, आणि पाचही सवतींना जुन्या टसरच्या साड्यांचं अस्तर लावलेल्या खोळी तिनंच शिवून दिल्या आहेत, टोकाच्या बाजूला वेगळ्या रंगाची नाडी लावून.

एकदा भाऊजी मला समजावत होते की गळाची काठी ही तिसऱ्या प्रकारची तरफ. बूड टेकू, हात बल, टोकाला भार. चिमटा तसाच, झाडूही तसाच.

"मग झाडू घ्या हातात," ताई आतून म्हणाली, "तोही तिसऱ्याच प्रकारचा ना!"

हा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्याकडे रॉड नसतील. तबल्याचे तीन जोड असतील, कॅमेऱ्याच्या भिंगांची पेटी असेल, ट्रेकिंगचे बूट असतील ज्यांच्या तळव्याला अजून दुकानाचं लेबल चिकटलेलं आहे. मी फार बोलत नाही, कारण हा लेख लिहायला बसण्याआधी मी अर्धा तास पेनं धुतली आहेत.

आता विद्वत्तेचा भाग. अमेरिकेत गॅरी लूमिस यांनी रॉडची कंपनी १९८२ साली काढली आणि पुढे १९९७ मध्ये ती शिमानोनं घेतली, हे भाऊजी झोपेत सांगतील. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र ते ताईकडे बघून सांगतात. मोठ्या तोंडाच्या बासचा विक्रम तर आरतीसारखा पाठ आहे. २ जून १९३२, जॉर्जिया, जॉर्ज पेरी, बावीस पौंड चार औंस. पुढे २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. दहा किलोंच्या वरचा मासा! मी विचारलं, पेरींकडे कोणता रॉड होता? भाऊजी जरा घुटमळले. पेरी गरीब शेतकरी घरातला पोरगा. तो आणि त्याचा दोस्त, दोघांत मिळून एकच रॉड आणि एकच नकली मासा होता, अशी गोष्ट सांगतात.

"अन् माशाचं काय केलं?" ताईनं विचारलं.

"खाल्ला. घरच्यांनी."

"शहाणी माणसं," ताई म्हणाली, आणि बाजारातून आणलेल्या मासोळीच्या रश्श्यात मीठ टाकलं.

भाऊजी आळशी आहेत असं मात्र कोणी म्हणू नये. या रॉडांना लागणारं जे रीळ असतं, त्याची चकरी स्वतः गरगर फिरते. आमिष हवेत मंदावतं, चकरी मात्र जडत्वानं फिरतच राहते, आणि क्षणात दोऱ्याचा असा गुंता होतो की पाखरानं घातलेला खोपाच! तो टाळायला अंगठा चकरीवर नेमका दाबावा लागतो. कमी दाबला तर खोपा, जास्त दाबला तर आमिष पायापाशी. पहिले दोन महिने भाऊजी गच्चीवर खोपे सोडवत बसलेले असायचे, ताईची क्रोशाची सुई घेऊन. मग सराव सुरू झाला. भंडारा पितळेचं गाव. ताईच्या आंदणातली मोठी पितळी परात गच्चीच्या एका टोकाला आणि भाऊजी दुसऱ्या टोकाला. दोऱ्याला रबरी वजन. संध्याकाळी साडेपाचला गल्लीत आवाज सुरू व्हायचा, धप्प, धप्प, धप्प, आणि मग एकदम ठण्ण! शेजारच्या आजी म्हणायच्या, गुरुजींकडे आरती लवकर होते.

वर्षभरात ठण्ण वाढत गेलं. वीस पावलांवरून दहापैकी आठ. हे मी स्वतः मोजलं आहे.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांच्याबरोबर तलावावर गेलो. साकोलीच्या बाजूचा एक मामा तलाव. माजी मालगुजारी, म्हणून मा-मा. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांच्या वर तलाव आहेत. जमीनदारी गेली तेव्हा १९५० नंतर ते सरकारकडे आले, पण त्यातल्या पाण्याचा खरा नकाशा मासेमार ढिवरांच्याच डोक्यात राहिला. भाऊजी आधी ढिवरांच्या सोसायटीत जाऊन रीतसर विचारतात, चहा पितात, पावती घेतात आणि ती पावती वहीत चिकटवतात. साहित्याच्या पानात.

गाडीतून रॉड न्यायचा म्हणजे एक सोहळा. सात फुटी अखंड काठ्या, छोटी गाडी. मी पुढच्या सीटवर, पाचही सवती माझ्या खांद्यावरून मागच्या काचेपर्यंत. लाखनीपर्यंत माझी मान एकाच बाजूला.

पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक म्हातारे ढिवर मामा बसलेले असतात. त्यांनाही सगळे मामाच म्हणतात, त्यामुळे मामा तलाव कोणाचा हा प्रश्न तिथं पडत नाही. मरळीसाठी त्यांची पद्धत अशी की धुऱ्यावरचा बोटभर बेडूक उचलायचा, गळाला लावायचा, काडी चिखलात रोवायची आणि विडी पेटवायची. भाऊजींचा बेडूक जपानी, रबरी, आठशे रुपयांचा, पोटाशी दोन गळ वर वळवलेले म्हणजे शेवाळात अडकू नयेत. मामांनी तो हातात घेतला, उलटा केला, पोट दाबलं.

"डोरे मस्त केले जी याचे," ते म्हणाले.

मरळ हा भाऊजींचा बास. तिला पाण्यावर येऊन हवा घ्यावीच लागते, म्हणून ती दिसते. आणि बेडकावर ती अशी तुटून पडते की पाणी फुटल्याचा आवाज येतो. भाऊजी पारीवर दीड तास रॉड निवडत होते. वारा असा आहे, बेशरमची झुडपं तशी आहेत, जलपर्णी इतकी आहे. शेवटी सात फूट तीन इंची ठरला. तेवढ्यात दहा-बारा पावलांवर पाणी लालसर झालं. मरळीची पिल्लं, शेकडो, एका गोळ्यात उकळल्यासारखी. त्यांच्या खाली जोडी पहाऱ्याला असते, अशा वेळी गोळ्यावर काहीही पडलं तरी आई तोंड घालते. नेम चुकायचा प्रश्नच नव्हता. परातीपेक्षा जवळ होतं. भाऊजींनी रॉड मागे नेला आणि मग हळूच खाली घेतला. चकरीवरचा अंगठा तसाच.

"काहून जी?" मामांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"पिल्लं आहेत," भाऊजी म्हणाले आणि बेडूक पुसून डबीत ठेवला.

मामांनी त्यांना विडी पुढे केली. भाऊजी विडी ओढत नाहीत. त्या दिवशी त्यांनी घेतली आणि पेटवायची विसरले.

दुपारी आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि मामांचा डोंगा खुंट्यावरून निसटून पाण्यात सरकला. आत दोरखंडाचं वेटोळं, जाळं आणि जेवणाचा डबा. मामा धोतर खोचून उठायच्या आत तो पंधरा पावलं गेला होता. मी ओरडलो. भाऊजी काही बोलले नाहीत. वारा कुठून येतो ते पाहिलं, बेडूक पुन्हा लावला, एक पाऊल डावीकडे सरकले.

ठण्ण! जेवणाच्या डब्यावरच.

बेडूक घसरून दोरखंडात रुतला. रॉड बुडापर्यंत कमानीसारखा वाकला. मी इतकी वर्षं बैठकीत ज्या टोकाकडे पाहत होतो, ते आता पाण्याकडे पाहत होतं. "थांब, थांब, बल लावू नकोस, वाऱ्याला दमू दे," हे ते मला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही. पाच-सात मिनिटं लागली. डोंगा इंचाइंचानं आला, वळला, पारीला लागला. मामांनी कासऱ्यासारखा दोरखंड धरला आणि भाऊजींच्या पाठीवर थाप मारली.

"गुरुजी, केवढी मासोरी धरली जी!"

परतताना मान दुसऱ्या बाजूला वळवून बसलो होतो. भाऊजी लाखनीपर्यंत गप्प. रात्री जेवणं झाल्यावर निळी वही निघाली. ताईनं चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला आणि खांद्यावरून वाकून वाचू लागली.

कृती: एक फेक, डावीकडून. निरीक्षण: डोंगा १, लाकडी, डब्यासह. अनुमान: हेवी कमी पडतो. एक्स्ट्रा हेवी पाहावा.

"अठराशेला मिळेल ना?" ताईनं विचारलं.