एक्सपीकर

तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर, मुद्रांकविक्रेता आणि रसवंती यांच्यामध्ये एक अरुंद गाळा असतो. पाटीवर ‘डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका’ आणि खाली मागाहून चिकटवलेलं ‘पॅन कार्ड’. पुण्यात हाच गाळा अप्पा बळवंत चौकाजवळच्या एखाद्या बोळात, जिन्याखाली सापडतो. गाव कुठलंही असो, आत चष्मा कपाळावर सरकवून बसलेले गृहस्थ तेच. त्यांचं खरं आडनाव काही का असेना, आपण त्यांना एक्सपीकर म्हणू. २००१ साली विंडोज एक्सपी बाजारात आली, थोड्याच दिवसांत ती यांच्या टेबलावर आली आणि तिथून आजतागायत हललेली नाही. कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी तिच्यावरून हात काढून घेतला, ही बातमी एक्सपीकरांनी वाचली होती. त्या दिवशी एका वास्तुशांतीचं कार्ड द्यायचं होतं, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

सकाळी शटर वर गेलं की आधी गणपतीला उदबत्ती, मग कॉम्प्युटरचा मुजरा. कॅबिनेटचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण कधीच निघालेलं आहे. तिथे टेबलफॅन तोंड लावून बसलेला. बटण दाबलं आणि पडद्यावर चित्र येण्याऐवजी आतून लांबलचक ‘बीऽऽप’ आलं, तर नवखा माणूस घाबरेल. एक्सपीकर खण उघडतात, खोडरबर काढतात. रॅमची पट्टी खाचेतून उपसून तिचे सोनेरी दात ते एकेका बाजूने घासतात, फुंकर मारतात आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून, ‘कट्’ आवाज आला की मान डोलावतात. हे खोडरबर पेन्सिलीसाठी वापरलेलं त्यांना खपत नाही. दुकानातल्या पोऱ्याने एकदा वापरलं, तर त्याला दिवसभर झेरॉक्सवर उभं केलं.

पुढचा मुक्काम एफ-वन. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय, त्यामुळे कॉम्प्युटर रोज १ जानेवारी २००२ रोजी जागा होतो, बुचकळ्यात पडतो आणि ‘पुढे जाऊ का?’ म्हणून विचारतो. एक्सपीकर एफ-वन दाबून परवानगी देतात. सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, किंमत एका पत्रिकेच्या प्रुफाएवढीही नाही. पण नाही बदलायचा! कुठलंसं सॉफ्टवेअर डेमोवर चालू आहे, त्याची मुदत तारीख पुढे गेली की संपते. एरवी घड्याळ हाताने मागे न्यावं लागलं असतं. इथे ते काम सेलाने मरून केलं आहे. पावतीवरची तारीख तेवढी पेनाने घालावी लागते.

मग ती प्रसिद्ध हिरवी टेकडी येते. चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात हा फोटो काढला. एक्सपीकरांच्या मते ती जागा साताऱ्याच्या अलीकडे, डाव्या हाताला आहे, श्रावणात गेलात तर दिसेल. मूळ टेकडीवर पुढे द्राक्षाचे मळे उभे राहिले. साताऱ्याकडची मात्र यांनी हिरवी राखली आहे.

हसून झालं असेल तर आता त्यांची बाजूही ऐका, कारण ती वाटते तितकी वेडगळ नाही. यांचा सगळा धंदा पेजमेकरवर. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. पुढे अडोबीने ते गाडं इनडिझाइनच्या दारात नेऊन सोडलं. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्यामुळे मराठी लागते ती श्रीलिपीची, जुन्या फाँटांतली. त्या फाँटांचं लॉक प्रिंटरच्या लांबट पोर्टाला मागून खोचलेलं, आणि तसलं पोर्ट नव्या कॉम्प्युटरला सहसा नसतंच. म्हणजे फाईल पेजमेकरला धरून, पेजमेकर फाँटाला धरून, फाँट लॉकला, लॉक पोर्टाला आणि पोर्ट या खोक्याला. यातलं एक बदलायला गेलं की सगळी वरात उठते. श्रीलिपीच्या पुढच्या आवृत्त्यांत युनिकोडही आहे आणि यूएसबीचं लॉकही. पण मग वीस वर्षांच्या फायलींचं काय? त्या उघडून, रूपांतर करून, प्रत्येक जोडाक्षर तपासायचं कुणी?

आमच्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल यांच्याकडेच होतो. नव्या चिटणीसबाईंनी एकदा उत्साहाने ‘मूळ फाईलच द्या’ म्हटलं आणि घरी लॅपटॉपवर उघडली. अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी डॉलर, टक्के आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. बाईंना वाटलं हिशेबात घोळ आहे आणि कुणीतरी तो सांकेतिक भाषेत लिहून ठेवलाय. वास्तविक त्या फाँटांत ‘क’च्या खाली क नसतोच, असतं ते कुठलंतरी रोमन चिन्ह, ज्याला फाँटाने क चा पोशाख चढवलेला असतो. फाँट नसेल तर पोशाख उतरतो. गंमत म्हणजे एक्सपीला स्वतःला युनिकोड मराठी येते, मंगल फाँट तिच्या पोटातच आहे. फक्त कंट्रोल पॅनेलमध्ये एक खूण करावी लागते, आणि ती केली की एक्सपी मूळ सीडी मागते. सीडी कुणीतरी २००५ साली नेली, ती परत आलेली नाही.

परिणामी गिऱ्हाईक व्हॉट्सॅपवर मजकूर पाठवतं, तो एक्सपीकरांच्या फोनवर शुद्ध युनिकोडात झळकतो आणि एक्सपीकर फोन स्टेपलरला टेकवून उभा करून, तो मोठ्याने वाचत पुन्हा अथपासून इतिपर्यंत टाइप करतात. ‘टाइप केल्याशिवाय मजकूर कळत नाही हो.’ आणि खरंच, या नादात ते ऱ्हस्वदीर्घ सुधारतात, वधूपित्याच्या नावापुढचं चुकून राहिलेलं ‘कै.’ घालतात, मुहूर्त गोरज आणि वेळ सकाळची असली तर फोन करून विचारतात. एवढं कोण करतं आज?

पण पत्रिका मात्र कधी कोऱ्या पानावर होत नाही. २००६ सालची एक ‘मास्टर’ फाईल आहे. तिच्यातली नावं काढायची, नवी घालायची. गेल्या वैशाखात एका पत्रिकेच्या निमंत्रकांत एक गृहस्थ असे निघाले, की वराकडच्यांना ते वधूकडचे वाटले आणि वधूकडच्यांना वराकडचे. प्रूफ तीनदा पाहिलं गेलं होतं. चौकशी केली तर ते मूळ मास्टरमधल्या नवऱ्याचे मामा. ते २००६ पासून तालुक्यातल्या यच्चयावत लग्नांचं अगत्याचं निमंत्रण देत आले आहेत. काही ठिकाणी त्यांना मानपानही पोहोचला असावा.

‘अहो काका, हे धोक्याचं आहे, व्हायरस येईल’ असं एक्सपीकरांना सांगू नये. ते प्रथम शांतपणे मॉनिटरमागे बोट दाखवतात: नेटची वायरच नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला, त्यात बहुतांशी अडकल्या त्या विंडोज ७ च्या यंत्रणा, हे त्यांना पाठ आहे. मग ते रिझर्व्ह बँक काढतात. एटीएममधली जुनी, कंपनीने सोडून दिलेली विंडोज जून २०१९ पर्यंत बदला, असं बँकांना २०१८ साली बजावावं लागलं होतं. ‘म्हणजे तोवर तुझा पगार कुठून बाहेर येत होता?’ शेवटचं अस्त्र अमेरिकेचं नौदल: एक्सपीला डागडुजी मिळत राहावी म्हणून त्यांनी २०१५ साली नव्वद लाख डॉलरच्या वर रकमेचा करार केला. ‘ते पैसे मोजून चालवतात, मी फुकट चालवतो. शहाणा कोण?’ यावर उत्तर नाही. खरा धोका येतो तो गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून, सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन. तेव्हा एक्सपीकर काळी खिडकी उघडून ‘अ‍ॅट्रिब’ची आज्ञा अशी टाइप करतात, की रसवंतीवाला ग्लास हातात धरून बघत राहतो.

यांना एक भाचा असतोच, पुण्यात आयटीत. दर सुट्टीत येऊन ‘मामा, हे म्युझियमला द्या’ म्हणायचं, मामींचा चहा प्यायचा आणि जाताना यांच्याचकडून बायोडाटाचे प्रिंट काढून न्यायचे, असा त्याचा क्रम. परवाच्या भाऊबिजेला मात्र तो जरा उतरलेल्या चेहऱ्याने आला. १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० ची मुदत संपली. त्याचा कॉम्प्युटर सहाव्या पिढीच्या इंटेलचा. अकराला किमान आठवी पिढी लागते, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय.

‘मामा, मशीन झकास चाललंय हो. एसएसडी टाकलीय, सोळा जीबी रॅम आहे. काही एक बिघडलेलं नाही. आणि म्हणे नवं घ्या! का घ्यायचं?’

‘मुदतवाढ वगैरे काही?’ मामांनी चष्मा नाकावर आणला.

‘एक वर्ष. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत.’

‘मला एक दिवस दिला नव्हता. बरं, ऐक. पहिलं काम, नेटची वायर काढ.’

‘अहो पण माझं सगळं काम नेटवरच असतं!’

‘मग तुझं अवघड आहे,’ एक्सपीकर म्हणाले आणि पेनड्राइव्ह घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी विचारलं, ‘यात काय, मुंज की बारसं?’