कुजक्या मुळांवर शास्त्रोक्त उपचार (हुबळी-धारवाड आवृत्ती)

हुबळी-धारवाडात सक्युलंट सहसा तहानेने मरत नाही. तसा एखादा दाखला मिळालाच, तर त्या घराला दोन-तीन महिने कुलूप होते असे समजावे. एरवी कारण एकच, मुळे कुजणे. आणि त्यामागे परका कोणी नसतो, घरचीच माणसे असतात.

म्हणून उपचाराची सुरुवात कुंडीपासून नव्हे, कुटुंबापासून करावी. धारवाडच्या मालमड्डीतल्या एखाद्या जुन्या घराची पडवी डोळ्यांसमोर आणावी. कोपऱ्यात जेडचे रोप. आजोबांची संध्या उरकली की पंचपात्रातले उरलेले पाणी त्यात जाते, कारण ते पायदळी येऊ नये. अकराच्या सुमारास आजी तांदूळ धुतलेले पाणी घालतात, कारण ते वाया जाऊ नये. पडवी धुताना मावशी कुंडीवरूनही बादली फिरवतात. संध्याकाळी कॉलेजातून आलेली नात बाटलीतला शेवटचा घोट तिथेच रिकामा करते. विचारल्यावर प्रत्येकाचे उत्तर तेच: ‘वाटीभरच तर घातलं!’ यावर उपाय म्हणजे पाणीप्रभारी नेमणे. ही नेमणूक एकाचीच आणि लेखी असावी, आणि निवड घरातल्या सर्वांत आळशी माणसाची व्हावी.

खरे तर या जोडशहराइतके सक्युलंटला मानवणारे गाव शोधून सापडायचे नाही. मलप्रभेवरच्या रेणुकासागरातून आणि नीरसागरातून येणारे पाणी इथल्या नळांना वर्षानुवर्षे काही दिवसांआडच येत आले. एकदा भरपूर पाणी, मग पुढच्या पाळीपर्यंत ठणठणाट. कोरफडीला नेमके हेच हवे असते. २००८च्या सुमारास काही वॉर्डांत प्रयोग म्हणून चोवीस तास पाणी सुरू झाले, तेव्हा माणसे हरखली. कुंड्यांची बाजू मांडायला कोणी गेले नाही. बाकीच्या वॉर्डांत धोका वेगळा. नळ आला की पिंप रिकामे करायचे, आणि ते ‘शिळे’ पाणी ओतायला पडवीतल्या कुंड्यांइतके जवळ दुसरे काही नसते.

त्यात पाऊस. धारवाड पावसाळी मलनाडच्या उंबऱ्यावर वसले आहे. कन्नड कवी द. रा. बेंद्र्यांना साधनकेरीतला श्रावण प्रिय होता. सक्युलंटचे मत निराळे आहे. एखादी जोराची सर त्याला चालते. चालत नाही ती दिवसेंदिवस चालणारी रिपरिप, जिला इथे ‘जिटिजिटी मळे’ म्हणतात. तिच्यात माती वाळतच नाही. जून ते सप्टेंबर कुंडी वळचणीच्या आत ओढावी आणि प्रभारींना रजा द्यावी.

आता आतले प्रकरण. मुळांनाही प्राणवायू लागतो, तो मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळतो. हुबळीकडची काळी माती भिजली की फुगते आणि ती पोकळीच बुजते. मुळे गुदमरून मरतात. मग पिथियम, फायटॉप्थोरा ही बुरशीसारखी मंडळी येतात, ज्यांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. मूळ गेले की पान पाणी ओढू शकत नाही आणि मलूल होते. ‘बिचारं सुकलं गं!’ म्हणत घरातले आणखी एक तांब्या घालतात. तांब्या उचलण्यापूर्वी पान चिमटीत धरावे. तहानलेले पान सुरकुतलेले पण चिवट असते. कुजलेल्याचे पिवळट, आरपार दिसणारे, दाबताच पचकन फुटणारे.

निदान पक्के झाले की शस्त्रक्रिया. रोप उपटून माती झाडावी. तपकिरी, बुळबुळीत, बोटाने ओढताच साल निसटणारी मुळे स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने कापावीत. खोडाच्या कापावर तपकिरी डाग दिसत राहिला तर तो संपेपर्यंत वर वर कापत जावे. इथे माया उपयोगी नाही. मग वर्तमानपत्रावर सावलीत आठवडाभर वाळवावे. हळद लावायची हौस असेल तर लावावी, पण काम करतो तो जखमेवर धरलेला कोरडा पापुद्रा. रोप पुन्हा मातीत लावल्यावरही आठवडाभर पाणी नाही. हा काळ आजोबांना सर्वांत जड जातो.

नव्या मातीत निम्म्याहून अधिक भरड माल हवा: जांभ्याची बारीक खडी, विटांचा चाळलेला चुरा, जाडी वाळू. कुंडी मातीची, भोकाची. तळाशी खापऱ्यांचा जाड थर घालण्याची घरोघरची रीत मात्र सोडावी. बारीक मातीतले पाणी भरड थरात सहज उतरत नाही, ते वरच थबकते. म्हणजे ओल मुळांच्या अधिक जवळ येते. भोकावर एक खापरी पुरे.

कुजलेल्या कुंडीतली माती दुसऱ्या कुंडीत घालू नये. त्यातली बुरशी शाकाहारी आहे आणि फारशी चोखंदळ नाही. रिकामी कुंडी घासून चार दिवस कडक उन्हात ठेवावी. धारवाडात ऊन नसेल तर ती दोन्ही गावांमध्ये धावणाऱ्या चिगरी बसने हुबळीच्या नातेवाइकांकडे पाठवावी. तिथे ते असण्याची शक्यता थोडी जास्त.