कॉमिकचे परीक्षण कसे करावे (चित्रांना धक्का न लावता)

कॉमिकचा नवा अंक परीक्षणासाठी आला की परीक्षकाने प्रथम चित्रांपासून जपावे. ती पानभर पसरलेली असतात आणि वाचनात व्यत्यय आणतात. परीक्षकाचे काम फुग्यांतला मजकूर वाचण्याचे. तो वाचून कथानक सांगावे, लेखकाच्या आधीच्या कामांची आठवण काढावी, नायकाच्या मनोव्यापारांवर दोन परिच्छेद खर्ची घालावेत आणि जागा उरलीच तर ‘चित्रेही छान जमली आहेत’ एवढे जोडावे. मग दहापैकी ८.७ गुण. दशांश विसरू नये. त्यामुळे कुठेतरी खरेच मोजमाप झाले असावे असे वाचकाला वाटते.

अलीकडचा नमुना म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेला ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ घ्यावा. लेखक स्कॉट स्नायडर, म्हणजे निम्मे परीक्षण झालेच. इथला ब्रूस वेन कोट्यधीश नाही आणि त्याची आई जिवंत आहे, तेव्हा वर्गसंघर्षावर हवे तितके लिहिता येते. पंचाईत एवढीच की ही कल्पना संवादांत मुरण्याआधी निक ड्रॅगोटाने ती अंगापिंडात उतरवली आहे. त्याचा बॅटमॅन चौकटीत मावत नाही इतका रुंद, आणि छातीवरचे वटवाघूळ उपटले की त्याची कुऱ्हाड होते. गाठीला पैसा नसलेला माणूस गुंडांशी कशाच्या बळावर लढेल, याचे उत्तर रेषेनेच दिले आहे. शिवाय पहिल्या खंडातला चौथा अंक गॅब्रिएल वॉल्टाने काढला आहे. हात बदलला की त्याच माणसाचे वजन कसे बदलते, हे पाहायची आयती सोय. परीक्षकाने मात्र ‘चित्रशैलीत सातत्य नाही’ असा शेरा मारून ०.३ गुण कापावेत.

या पद्धतीची खरी कसोटी लागते ती सुपरमॅनच्या मरणाशी. १९९२ च्या अखेरीस डीसीने त्याला मारले, तेव्हा कथानक एका ओळीचे होते: दोन धिप्पाड जीव एकमेकांना बडवतात. संवादांवर गुण द्यायचे तर पाचाच्या वर जाऊ नये. पण ही झुंज चार वेगळ्या मालिकांच्या एकामागोमाग आलेल्या अंकांत संपत गेली. पहिल्यात पानाला चार चौकटी, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन, आणि डॅन जर्गन्सच्या ‘सुपरमॅन’ ७५ मध्ये प्रत्येक पानावर एकच. चौकटी घटतात तसा एकेक ठोसा मोठा होतो, पाने भराभर उलटतात, आणि कोणी काही बोलण्याआधीच वेळ संपत आल्याचे वाचकाला कळते. गोष्ट आहे ती या उलट्या मोजणीत. ती न पाहता परीक्षण लिहिणे म्हणजे बंदिशीचे शब्द वाचून मैफल कशी रंगली ते सांगणे. आपल्याकडे तेही करणारे आहेत, पण तो वेगळा विषय.

यावर अनुभवी परीक्षक म्हणतील, ‘वाचकाला गोष्ट हवी असते.’ मान्य. विसेक पानांच्या अंकाला चार-पाच डॉलर मोजणाऱ्याला गोष्ट कळायलाच हवी. पण ती पोचते कशी? उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत दार किलकिले होते आणि आतला प्रकार पान उलटल्यावर दिसतो. तोच समोरच्या पानावर आला तर डोळा आधीच तिकडे जातो आणि धक्का वाया. ही युक्ती सुचते लेखकाला, साधते चित्रकाराला, आणि फुगा भलत्या जागी पडला तर तिची माती होते. दुसरी सबब अशी की आम्ही चित्रकला शिकलेलो नाही. शिकायला कोण सांगते! फुगे न वाचता अंक एकदा चाळावा. कोण कुठे उभा आहे, कोण कोणावर चिडला आहे, मारामारीत कोण कुठून घुसला हे समजले तर चित्रकार कामाचा. नाही समजले तर प्रत्येक विटेवर रेघोट्या ओढल्या असल्या तरी नाही. दहा मिनिटांचे काम आहे हो. मार्गदर्शिकेत असा सूर लावू नये, पण राहवत नाही.

खंडाचे परीक्षण त्याहून सोपे. सहा अंकांच्या गुणांची सरासरी काढावी. खंड ही निराळी वस्तू आहे हे मान्य करू नये, नाहीतर काम वाढते. मग जाड बांधणीत जोडपानाचा मधला भाग, नेमका चेहऱ्याचा, शिवणीत गडप होतो हे लिहावे लागते. महिन्याने येणाऱ्या अंकात मागची आठवण करून देणे ही सोय होती, सलग वाचताना तीच कटकट होते, हेही. ‘वॉचमेन’चा पाचवा अंक पुढून आणि मागून सारख्याच मांडणीचा आहे: पहिले पान शेवटच्याशी जुळते, दुसरे शेवटून दुसऱ्याशी, आणि मधोमध जोडपान. सुट्या अंकात हे हाताला लागते, बारा अंकांच्या जाडजूड ग्रंथात शोधावे लागते. ‘द किलिंग जोक’ची तऱ्हा आणखी वेगळी. १९८८ मध्ये जॉन हिगिन्सने त्याला भडक रंग दिले होते. चित्रकार ब्रायन बोलंडने २००८ च्या आवृत्तीत स्वतः ते बदलले, सगळे थंडावले, जोकरच्या आठवणी जवळजवळ करड्या केल्या आणि त्यांत तेवढा लाल ठेवला. माझे मत विचाराल तर कथेतल्या ओसाड जत्रेच्या मैदानाला हिगिन्सच शोभतो. बोलंडचे रंग सभ्य आहेत, आणि जोकरला सभ्यपणा मानवत नाही. पण अ‍ॅलन मूरचे शब्द दोन्हीकडे तेच, म्हणून फुगे वाचणाऱ्याच्या हिशेबी दोन्ही आवृत्त्यांना गुणही तेच.

राहता राहिले मुखपृष्ठ. मराठी पुस्तकपरीक्षणातले ‘मुखपृष्ठ समर्पक आहे’ हे वाक्य इथेही बिनदिक्कत चालते. १९९१ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाला पाच मुखपृष्ठे होती. आतली गोष्ट तीच असूनही लोकांनी पाचही घेतली, आणि खप ऐंशी लाखांवर गेला. चार मुखपृष्ठे शेजारी मांडली की जिम लीचे एक सलग चित्र होते. पाचव्यावर तेच चित्र घडी घालून छापले होते. यांतले समर्पक कोणते, असे कोणी विचारलेच तर परीक्षकाने पाचवे सांगावे. ते जास्त महाग होते.