बिनखर्ची वन्यजीवपट

वन्यजीवपट करायचा म्हणजे टीव्हीच्या युनिटला केवढा व्याप! वनखात्याचे परवाने, लांब पल्ल्याच्या लेन्स, एका मोरासाठी आठवडेच्या आठवडे ताटकळणं. हैदराबादने 2025 मध्ये हा सगळा खर्च वाचवला. कांचा गचिबावलीच्या 400 एकरांत, ऐन उगादीच्या सुट्ट्या गाठून, झाडी साफ करायला बुलडोझर उतरले. शेजारच्या विद्यापीठातल्या पोरांनी नुसते मोबाइल धरले. अंधार, इंजिनांची घरघर आणि त्यावर मोरांचा आक्रोश. पार्श्वसंगीताचीही गरज पडली नाही.

राज्य सरकारने समीक्षण केलं ते असं : बरीच दृश्यं एआयने बनवलेली आहेत. चित्रं शेअर करणाऱ्यांना पोलिसांच्या नोटिसाही पोहोचल्या. आता काही चित्रं बनावट होतीच, नाही कशाला म्हणा! पण 3 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं आणि भलताच प्रश्न विचारला : पर्यावरणावरच्या परिणामांचा दाखला घेतला होता का?

मोर खरा की खोटा, याची चौकशी जरूर करावी. सुमारे 100 एकरांवरची तोडलेली झाडं मात्र खरी होती.