परवाना : कोरा

युरोपातील ऊर्जा-मॉडेलकारांचे कौतुक करावे तेवढे थोडे. डेन्मार्कचे बाल्मोरेल हे मॉडेल 2001 पासून खुले, म्हणजे त्याचा कोड कोणीही पाहावा. मागाहून ओसेमोसिस, पायप्सा आले. आता तर अशा खुल्या मॉडेलांच्या नोंदवहीत दाखल होणारे प्रत्येक मॉडेल 'लवचिक' आणि 'पारदर्शक'. 'गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ' छापणाऱ्या वधूवर सूचक मंडळांनी इथे शिकवणी लावावी. काही नोंदींत परवान्याचा रकाना कोरा असतो, म्हणजे कोड सर्वांनी पाहावा, वापरणाऱ्याचे पुढे काय ते कायदा पाहून घेईल. केवढे हे औदार्य! नोंदवह्याही अनेक झाल्याने त्यांची एक नोंदवही त्वरित काढावी व तीही कोरी ठेवावी. 2050 सालची वीज तासातासाने सांगणाऱ्या यांतल्या काही मॉडेलांना आपली नोंद शेवटची कधी सुधारली, एवढेच सांगता येत नाही. जिज्ञासूंनी 2050 नंतर चौकशी करावी.