पाण्यावरची साय

न्यू हॅम्पशायरमध्ये कँकमागस हायवे नावाचा रस्ता आहे. लिंकनपासून कॉनवेपर्यंत ३४.५ मैल. वाटेत पेट्रोलपंप नाही, हॉटेल नाही, फोनला रेंज असली तर नशीब. ‘मूस आडवा येईल, ब्रेक मारा’ अशा पाट्या मात्र आहेत. एरवी असल्या रस्त्याला कोण जातं? पण सप्टेंबर संपत आला की मॅपल, बर्च, बीच रंगायला लागतात आणि अर्धं न्यू इंग्लंड गाड्या काढून इथे हजर होतं. ऑक्टोबरातल्या लाँग वीकएण्डला तर शेजारून वाहणारी स्विफ्ट नदी गळलेली पानं घेऊन केव्हाच पुढे जाते. आपण आपले त्याच वळणावर, पुढच्या गाडीचा लाल दिवा बघत.

या गर्दीला स्थानिक लोक ‘लीफ पीपर’ म्हणतात. त्यातही दोन जाती आहेत. पहिली जात पानं बघते, सायडर डोनट खाते, सेल्फी काढते आणि घरी जाते. दुसरी जात वाहत्या पाण्यावरच्या पानांचे फोटो काढते. ही माणसं काही खात नाहीत, घरी जात नाहीत आणि पानं तर बघतच नाहीत. माझा नवरा दुसऱ्या जातीचा. मी त्याची छत्री धरते.

छत्री त्याच्यासाठी नसते, कॅमेऱ्यासाठी असते.

बॉस्टनच्या बाजूला राहणारी आम्ही माणसं. सहा महिने थंडी सोसून सूर्य दिसला की अंगणात खुर्च्या टाकतो. पण ऑक्टोबरात हाच माणूस पहाटे उठून आकाशाकडे बघतो आणि ते निरभ्र दिसलं की सुतकी चेहरा करून आत येतो. ऊन नको. उन्हात पाणी पांढरंफटक पडतं, सावल्या काळ्याठिक्कर होतात, आणि दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. हवं काय, तर मळभ. झिमझिम असेल तर दुधात साखर, कारण भिजलेल्या पानाचा रंग गडद दिसतो. शेजारच्या आजी ‘किती सुंदर दिवस आहे!’ म्हणाल्या, तेव्हा यानं त्यांच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मला केकचा तुकडा देऊन प्रकरण मिटवावं लागलं.

या छंदाचं अर्थशास्त्रही मला अजून उलगडलेलं नाही. आधी कॅमेऱ्यात भरपूर उजेड यावा म्हणून महागडी लेन्स घ्यायची. ती आली की, एवढा उजेड येऊ नये म्हणून तिच्यापुढे लावायला महागडी काळी काच घ्यायची. एनडी फिल्टर. सहा स्टॉपची काच उजेड ६४ पटींनी कमी करते, दहा स्टॉपची साधारण हजार पटींनी. उजेड कमी झाला की शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं, आणि तेवढ्या वेळात पाणी वाहून वाहून रेशमासारखं दिसतं.

“मग साधीच लेन्स घेतली असती तर?” मी विचारलं.

“तुला नाही कळायचं,” असं तो म्हणाला नाही. लग्नाला बरीच वर्षं झाल्यामुळे तो फक्त काच पुसत राहिला.

पाणी किती रेशमी करायचं यावरून या मंडळींत घराणी आहेत. पाव सेकंदवाले म्हणतात, पाण्याला अंग दिसलं पाहिजे, वेग कळला पाहिजे. एक-दोन सेकंदवाले मऊपणाचे भोक्ते. आणि तीस सेकंदवाले, म्हणजे पाण्याचं पार धुकं करून टाकणारे. त्यांच्याबद्दल बाकीचे दोघे हळू आवाजात बोलतात. तीस सेकंदांचा एक फायदा मात्र मी स्वतः पाहिलाय. भोवऱ्यात एखादं पान गोल गोल फिरत असेल तर फोटोत पान दिसतच नाही, पाण्यावर तांबूस कडं उमटतं. हे कडं यावं म्हणून माझा नवरा, पान मध्येच काठाला लागू नये अशी प्रार्थना करत श्वास रोखून उभा असतो. तो सश्रद्ध होण्याचे प्रसंग मोजकेच, त्यातला हा एक.

सांगलीला सासूबाईंना पहिल्यांदा असा फोटो पाठवला, तेव्हा त्यांनी लगेच व्हिडिओ कॉल केला. “पाण्यावर साय धरलीय का गं?” त्यांनी जन्मभर कृष्णा बघितली आहे, पुरासकट. त्यांच्या डोळ्यांना पाणी असं कधी दिसलेलं नाही. खरं तर कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. हा मुद्दा मी घरात मांडला, तर मला पंधरा मिनिटं ‘कालप्रवाह’ या विषयावर ऐकावं लागलं. पोळ्या माझ्याच करायच्या होत्या, त्यामुळे कालप्रवाह कुणाचा, हे सांगायला नको.

या सगळ्या सामानात माझं मन जिंकलं ते फक्त पोलरायझरनं. लेन्सवर बसवायची फिरती काच. तीही उजेड दीड-दोन स्टॉप खाते, पण तिचा गुन्हा माफ. ती हळूहळू फिरवत गेलं की ओल्या पानावरची पांढरी चकाकी उतरते आणि आतला लाल वर येतो. पाण्यावरचं आभाळ पुसलं जातं आणि तळाचे गोटे दिसायला लागतात. आणखी फिरवलं की आभाळ परत हजर. मी ती काच हातात घेऊन, कॅमेऱ्याविनाच, एका डबक्यापाशी कितीतरी वेळ गोटे घालवत आणि आणत बसले होते. मागे तीन छायाचित्रकार मी बाजूला होण्याची वाट पाहत होते. बघू देत की. त्यांनीही कधीतरी पाण्याकडे नुसतं बघावं.

या रस्त्यावरच्या जागांवर गर्दी फार. रॉकी गॉर्जला किंवा लोअर फॉल्सला सकाळी गेलं तर खडकांवर तिकाट्यांच्या पायांत आपले पाय कुठे ठेवायचे हाच प्रश्न असतो. सगळे एकाच धबधब्याकडे तोंड करून, आणि प्रत्येकाला हवा असतो निर्जन अरण्याचा फोटो. कुणाचं कुत्रं पाण्यात उतरतं, कुणाचं पोरगं बरोबर त्या भोवऱ्यात दगड मारतं, आणि सगळे अमेरिकन सौजन्यानं हसून दात-ओठ खातात. घरी आल्यावर प्रत्येकाच्या भिंतीवर मात्र माणसाचा वाराही न लागलेला ओढा.

शिवाय ते पुढच्या खडकावरचं पान. अशा फोटोत काळ्या ओल्या खडकावर एक देखणं पान चिकटलेलं असावं लागतं. निसर्ग ते नेहमीच ठेवून देतो असं नाही. भाजी निवडण्याचा अनुभव असल्यानं हे खातं माझ्याकडे आलं. कीड नको, डाग चालेल, देठ हवा. मी एक उत्तम पान आणलं तर नवरा म्हणाला, “हे शुगर मॅपलचं आहे. वरती बर्च आहे. हे इथे कसं येईल?” म्हणजे पान आपण ठेवायचं, पण ते आपोआप पडलंय असं वाटायला हवं, आणि आपोआप पडणं वनस्पतिशास्त्राला धरून हवं. खोटेपणात इतका प्रामाणिकपणा मी इन्कम टॅक्सच्या मोसमातही पाहिलेला नाही.

पान हातात आल्यावर मला आपली एक गोष्ट आठवत राहते. पिवळा रंग पानात आधीपासून असतो. हिरवं हरितद्रव्य उतरलं की तो दिसू लागतो. लाल मात्र झाडं शेवटच्या आठवड्यांत नव्यानं तयार करतात, पानात अडकलेल्या साखरेतून. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असेल तर जास्तच. त्याच जातीचं लाल रंगद्रव्य आपल्याकडे आंब्याच्या कोवळ्या पालवीत असतं, आणि फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीत कुसुंब फुटतो तो असाच लालभडक. आपल्याकडे बाळंतविड्याला जो रंग, तो इथे निरोपाला. मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “सुंदर. फांदी धरतेस का जरा?”

तर, ती फांदी. ओढ्याच्या पलीकडून एक केशरी मॅपलची फांदी पाण्यावर झुकली होती आणि वाऱ्यानं हलत होती. एक सेकंद शटर उघडं ठेवलं तर पाणी रेशमी होतं, पण पानांचाही लगदा होतो. याला दोन उपाय. एक, दोन फोटो काढायचे: पाण्यासाठी एक सेकंदाचा आणि पानांसाठी सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाचा, आणि घरी दोन्ही शिवायचे. दुसरा उपाय, बायको. यानं दोन्ही केले. मी दगडांवरून पलीकडे गेले आणि फांदीचं बूड धरून उभी राहिले, शक्य तितकी चौकटीबाहेर. ऑक्टोबरात तिकडे शिकारीचा हंगाम असतो, रानात शिरणाऱ्यांनी झगझगीत केशरी घालावं असं सांगतात; म्हणून माझ्या अंगात केशरी जाकीट. वरून झिमझिम, आणि छत्री अर्थातच कॅमेऱ्यावर.

मग घरी ‘संस्करण’. आपल्याकडे सोळा संस्कार. या फाइलवर झालेले मी मोजले नाहीत. रॉ फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा मला वाईटच वाटलं. फिकट, निळसर, आजारी. सावलीतलं पाणी निळं येतं. तापमान वाढवलं की पानं खुलतात पण पाण्याला कावीळ होते. मग पाण्यावर वेगळा मास्क, पानांवर वेगळा, खडकांवर तिसरा. हायलाइट खाली, शॅडो वर. सॅच्युरेशन वाढवलं तर सगळंच किंचाळतं. व्हायब्रन्स जरा समजूतदार, जे रंग मुळात दबलेले आहेत त्यांना आधी हात देतो. रात्री एकच्या सुमाराला डोळ्यांना भडक रंगाची सवय होते आणि तेव्हाच हा माणूस म्हणतो, “अजून थोडं.” सकाळी चहा पिताना स्वतःच दचकून मागे येतो.

मी काही म्हटलं की दाखले तयार. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स तरुणपणी पियानो वाजवायचा. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, असं तो मानायचा. मैफल कबूल, पण तानपुऱ्याला फांदी धरून कोण बसतं तेही कार्यक्रमपत्रिकेत छापा. दुसरा दाखला एलियट पोर्टरचा. हा मुळात हार्वर्डमधला डॉक्टर, तिथे शिकवायचासुद्धा. ते सोडून रंगीत निसर्गचित्रांच्या मागे लागला, आणि तेही जाणकार मंडळी कृष्णधवलालाच कला म्हणत होती त्या काळात. ४ ऑक्टोबर १९५३ ला त्यानं न्यू हॅम्पशायरमधल्याच एका ओढ्याच्या डोहाचा, पडलेल्या पानांचा फोटो काढला. तो मी पुस्तकात पाहिला. मोठा धबधबा नाही, रेशीम नाही, नुसतं साठलेलं पाणी आणि पानं. तरी नजर हलत नाही. डाय-ट्रान्सफर पद्धतीनं तो प्रिंट काढायचा, तीन रंगांचे तीन साचे एकावर एक अचूक बसवून. त्यापुढे आमचा स्लायडर म्हणजे चैन. हे मी बोलून दाखवलं नाही. पोर्टरच्या बायकोनं काय काय धरलं असेल, एवढाच विचार मनात आला.

शेवटी साफसफाई. हीलिंग ब्रशनं आधी एक काटकी गेली, मग कागदी कप, मग लांबच्या पुलावरचा एक माणूस, मग चौकटीच्या कडेला आलेली मी, कोपरापासून. माझ्या जागी त्यानं शेजारचं शेवाळ पसरलं. शेवाळ छान जमलं होतं, तक्रार नाही.

मात्र खाली पाण्यात एक केशरी झळाळ होती. पोलरायझर पूर्ण फिरवला की प्रतिबिंबंही जातात, म्हणून यानं तो अर्ध्यावरच थांबवला होता. संथ डोहात लांबट, मऊ, विरघळत गेलेली ती झळाळ. “हे बघ,” तो हळवा होऊन म्हणाला, “सगळा फोटो या मॅपलच्या प्रतिबिंबावर उभा आहे.” मी बघितलं. मॅपल होतं उजवीकडे. झळाळ होती डावीकडे, मी उभी होते तिथे. जाकिटाची चेनसुद्धा मला दिसत होती.

मी म्हटलं, “सुरेख आहे.”

फोटो मित्रमंडळींत फिरला. ज्यानं त्यानं त्या प्रतिबिंबाचंच कौतुक केलं. एकानं तर असा रंग निसर्गालाच जमतो म्हणून लिहिलं. मला ते जाकीट सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळालं होतं. सासूबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “सूनबाई कुठाय?” या वयात त्यांचे डोळे शाबूत आहेत.

मग आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकानं मुखपृष्ठासाठी तो मागितला. नवऱ्यानं रात्र जागून छपाईसाठी वेगळी फाइल केली. अंक आला. आडवा फोटो उभा कापलेला, उजवीकडचं मॅपल गायब, वर सोनेरी अक्षरांत शुभेच्छा, आणि डावीकडे शेवाळावर, बरोबर माझ्या जागी, अधांतरी टांगलेला एक केशरी आकाशकंदील.

“मूळ छायाचित्रात कुणी अशी ढवळाढवळ करतं का?” नवरा फोनवर संपादकांवर कडाडला. “निसर्गात नसलेली वस्तू तुम्ही घालताच कशी?”

संपादक शांतपणे म्हणाले, “अहो, पण कंदिलाचं प्रतिबिंब बघा पाण्यात! आमच्या पोरानं काय बेमालूम जमवलंय. सगळे त्याचंच नाव विचारताहेत.”

नवऱ्यानं फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. डावीकडचा भाग मोठा केला, आणखी मोठा केला. मग सावकाश वळून, खुंटीवरच्या माझ्या जाकिटाकडे बघत राहिला.

“चहा टाकू?” मी विचारलं.